रनिंगमधली गाडी, ओलं बारदान आणि चिखलदऱ्याच्या अलीकडचं वळण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी घेतली आणि लगेच जाऊबाईंचा फोन आला, की त्या सुरतेला चालल्या. पोराकडे. कायमच्या. तिकीटसुद्धा निघालं. म्हणून हा प्रवास झाला. नाहीतर मे महिन्यात अकोल्याचा माणूस दुपारी दार उघडत नाही, नव्याकोऱ्या इंजिनची गाडी घेऊन घाट चढायला निघणं तर लांबच राहिलं. मी निघाली. कसं झालं ते सांगते. ज्यांना जायचं आहे त्यांनी रस्त्याचं वाचा, बाकीच्यांनी बाकीचं वाचा. सून म्हणते एवढं लांब लिहू नका, लोक वाचत नाहीत. नाही वाचत तर नका वाचू.

आमचा धंदा फुलांचा. जुन्या शहरात घर, मागे माळा ओवायची खोली, गावाबाहेर झेंडू-शेवंतीचं वावर. विमलबाई माझ्या मोठ्या जाऊ. मी त्यांना बाई म्हणते. एका खोलीत समोरासमोर बसून आम्ही दोघींनी किती हार ओवले त्याचा हिशोब देवालाच माहीत. पुढे भाऊजींनी अमरावतीला देवळापुढे दुकान टाकलं आणि त्या तिकडे गेल्या. भाऊजी आता नाहीत.

तर चिखलदरा. पावसाळ्यात अख्खं वऱ्हाड तिकडे पळतं. ढगात उभं राहून भजी खातात, फोटो पाठवतात. आमच्या धंद्याचा जोर सुरू होतो श्रावणात आणि ओसरतो दिवाळीला. लोक ढगात असतात तेव्हा आम्ही मांडीपर्यंत झेंडूत. चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाड्यांना पुढे लावायचे हार आम्ही विकले, स्वतः कधी गेलो नाही. दरवर्षी बाई म्हणायच्या, "शोभे, तू गाडी घे वं एक. मी मांगं बसतो." आणि दोघी हसायचो, कारण तेव्हा दोघींना सायकलसुद्धा धड येत नव्हती. नंतर आमच्या ह्यांची कंबर गेली, फुलं मंडईत न्यायला कोणी उरलं नाही, आणि मी त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर शिकली. स्कुटी घे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांनी एकदा काळ्या मातीत स्कुटी घालून दाखवावी.

ती जुनी गाडी मेली, म्हणून ही नवी. एकशेपंचवीसची. आणि बाई चालल्या सुरतेला. म्हणजे आता नाही तर केव्हा?

निघायच्या आधी जठारपेठेत रफीकभाईकडे गेली. आमची जुनी गाडी त्यांनीच शेवटपर्यंत जगवली होती. मी म्हटलं, अमरावती, तिथून चिखलदरा, मागे एक बाई. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"काकी, हे इंजन नवी सून हाय. पयल्याच दिवशी पन्नास माणसाचा सैपाक सांगसान तर जळन."

"मंग काय करू? कपाटात ठेवू?"

"चालवा ना. पण चाळीस-पंचेचाळीसच्या वर नोका जाऊ. एकाच स्पीडवर धरूनबी ठेवू नोका, थोडं कमी, थोडं जास्त. पिस्टन अन् रिंगा अजून बसल्या नाहीत, घासून घासून जागा करतात. मोठ्या गियरमंधी कण्हू देऊ नोका. अन् या उन्हात अर्ध्या-पाऊण तासानं सावली दाखवा तिले."

"अन् घाट?"

"एकट्या असान तर दमानं चढा. डबल सीट पयल्या सर्विसिंगच्या आधी नोकोच. उन्हात हवा पातळ होते, गाडीले दम पुरत नाही. तुमाले पुरते का?"

मला सुनेवरून माझा पहिला दसरा आठवला होता. नवीन लग्न, आणि सासूने समोर झेंडूचा ढीग ओतला. बोटं चालत नव्हती, सुई टोचून रक्त. बाई माझ्यापुढे बसल्या होत्या. सासू पाणी प्यायला उठली की बाई आपले दोन हार उचलून माझ्या ढिगावर टाकायच्या, डोळे वर न करता. तोंडाने मात्र दिवसभर मला शिव्या. आम्हा दोघींचीही घासाघाशी पुष्कळ झाली, चुलीवरून, पाण्यावरून. जागा व्हायला वेळ लागला.

पहाटे निघाली. आमचे हे दारात उभे. म्हणाले, "ऊन पाहून राहिली का?" मी म्हटलं, "पाहून राहिली." झालं आमचं बोलणं.

अकोला ते अमरावती रस्ता सरळ मूर्तिजापूर, बडनेरावरून. आता रुंद झाला आहे, खड्डे नाहीत, सावलीही नाही. जुनी लिंबाची झाडं रस्ता करताना गेली. चाळीसच्या चालीने अशा रस्त्यावर जाणं म्हणजे वरातीत चालल्यासारखं. माझा स्वभाव असा, की पुढचा माणूस हळू चालला तरी मला घाम फुटतो. ट्रक असे बाजूने जात होते की पदर उडून तोंडावर. बोरगाव मंजूच्या पुढे दोन पोरं एका गाडीवर आली, बाजूला येऊन माझ्याच चालीने चालू लागली.

"काकू, गियर हाय ना गाडीले?"

"हाय. तुले टाकून दाखवू का?"

"नाही, म्हटलं पाठीमागून धक्का द्याचा का!"

आणि भुर्र. माझी मूठ शिवशिवली. मी पिळली नाही. बाईंना घेऊन जायचं होतं, इंजिन वाटेत पकडलं असतं, पिस्टन आत अडकून बसला असता, तर सगळंच गेलं असतं. हळू चालल्यामुळे एक झालं, आजवर एसटीच्या खिडकीतून जे नुसतं पळायचं ते उभं राहून दिसलं. उन्हाळी नांगरटीची काळी ढेकळं, बांधावर एकटा पळस, विहिरीवर धुणं. पाहायला बरं होतं, पण मागे कोणी नव्हतं ज्याला सांगावं.

मूर्तिजापूरला पोचेस्तोवर ऊन चढलं. टपरीवर तर्री-पोहे घेतले, चांगले तिखट, वर चहा. दोन्ही मिळून पन्नासच्या आत. गाडीच्या इंजिनाजवळ पाय नेला तर पोळत होता. गाडीही आळसावल्यासारखी वाटली, मूठ दिली तरी पहाटेसारखी पळत नव्हती. तिथे मला सुचलं. फुलवाल्या बाईच्या गाडीला बारदान, म्हणजे गोणपाट, नेहमी बांधलेलं असतं. फुलं आणताना आम्ही ओलं बारदान टाकतो वरून, म्हणजे उन्हात कोमेजत नाहीत. मी हातपंपावर बारदान भिजवलं आणि इंजिनाच्या पुढे लेगगार्डवर ताणून, सुतळीने कसून बांधलं.

टपरीवाला ओरडला, "पाहा बे, काकूनं गाडीले कूलर बसवला!"

सगळे हसले, पण एक म्हातारबाबा मान डोलवून म्हणाले, "डोकं हाय बाईले." मलाही तसंच वाटलं. पायांना गार झुळूक लागत होती. बडनेरा आलं, अमरावती आली. मी स्वतःवरच खूश.

बाईंच्या खोलीत अर्धं सामान बांधलेलं. भिंतीवर जिथे भाऊजींचा फोटो होता तिथे चौकोनी डाग. मी तिकडे पाहिलं नाही. बाई बाहेर जाऊन गाडीला हात लावून आल्या, सीट दाबून पाहिली.

"मऊ हाय वं."

"मंग? तुमच्यासाठीच घेतली."

"खोटं बोलून राहिली. झेंडूसाठी घेतली."

संध्याकाळी त्यांनी दह्यातला गिला वडा खाऊ घातला. अमरावतीला आलात तर हा खाल्ल्याशिवाय जाऊ नका, आणि आंबट नको म्हणून नाक मुरडू नका. खाताना बाई सारख्या विचारत होत्या, वर गेल्यावर थंडी वाजेल का, शाल घेऊ का. मे महिना. मी म्हटलं घ्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच निघायचं ठरलं होतं, पण बाईंच्या शेजारणी एकेक करून उठून आल्या. एक ओवाळते, एक डबा देते, एक रडते. अवं, चिखलदऱ्याला चाललो, सुरतेला नाही! निघालो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. माझं डोकं तिथेच तापलं.

अमरावती ते परतवाडा रस्ता चांगला. वलगाव ओलांडलं की दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागतात, तेवढीच हिरवळ. बाई मागे बसून बोलत होत्या. खांद्यावर हात, शाल पोटाशी. प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायच्या. मागे ओझं आलं तसा गाडीचा आवाज जड झाला, पण मी दोनदा थांबली, सावली दाखवली, बारदान परत भिजवलं. परतवाड्याला पेट्रोल टाका, पुढे भरवसा नाही. उसाचा रस घ्या, पाणी भरून घ्या. तिथेही एकाने विचारलं हे काय बांधलं, बाईंनी तोऱ्यात सांगितलं, "कूलर."

धामणगाव गढीच्या पुढे घाट सुरू होतो. उन्हाळ्यात सागाला पान नसतं. दोन्हीकडे नुसते खांब उभे, खाली पाचोळा, त्यावरून गरम वारा. मी दुसऱ्या गियरला आणली. चढली. बाई म्हणाल्या, "चढून राहिली ना वं!" मोथ्याला थांबून खवा खायचा, मग वर जाऊन दरीच्या कडेला बसायचं, शाल पांघरायची, एवढं आमचं ठरलेलं. एका लांब वळणावर गाडी अडखळली. मूठ पूर्ण पिळली तरी जोर येईना. पहिला गियर टाकला. आतून टिकटिक असा कोरडा आवाज आला आणि जळकट वास. मी लगेच बंद केली. गाडी कडेला घेतली.

दोघी उतरलो. मला रडू येत होतं आणि राग येत होता, म्हणून मी बोलत सुटली. कंपनी अशी, रफीकभाई तसे, शेजारणी कशाला आल्या मरायला. बाई वाकून पाहत होत्या. त्यांनी बारदानाला हात लावला. ते केव्हाच वाळलं होतं. धूळ बसून पापडासारखं कडक झालं होतं. ठोकलं तर वाजलं.

"शोभे, फुलावर आपुन ओलं बारदान काहून टाकतो?"

"गार राह्यले पाहिजे म्हणून."

"वारा लागू नये म्हणून. वाऱ्यानं फूल सुकते." त्यांनी बारदानामागे हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. "हिले तर वाराच पाहिजे ना वं? तू तर हिचं नाक दाबून घाट चढवून राहिली."

मी सुतळी सोडायला गेली. गाठ सुटेना म्हणून दातांनी तोडली. बारदान निघालं तसा आतून गरम वाफारा तोंडावर आला. काल सकाळी थोडा वेळ लागलेल्या झुळकीवर मी फुगली होती. ओलं होतं तोवर माझे पाय गार झाले, इंजिनाला काय झालं ते मी विचारलंच नाही.

एका मोहाच्या झाडाखाली बसलो. दुसऱ्या बाजूला वरची कडा दिसत होती, उन्हात निळसर. त्या कडेच्या पलीकडे चिखलदरा. शेजारणीचा डबा उघडला, भाकर, ठेचा, कांदा. खाऊन झाल्यावर एक जीप आली, वर जाणारी. ड्रायव्हर थांबला.

"मावशी, एक जागा हाय. पुढची. येता का?"

मी बाईंना म्हटलं, "जा तुमी. पाहून या. मी इथी बसतो गाडीपाशी."

बाई उठल्या. शाल हातात घेतली. मला वाटलं जातील. जीपपर्यंत गेल्या, आत वाकून पाहिलं, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "तू जाय बाप्पा. माही गाडी गरम झाली हाय, थंडी झाली की येतो."

येऊन परत बसल्या. मी म्हटलं, "काहून नाही गेल्या? परत कवा येसान तुमी?"

"जीपनं जायचं असतं तर भाऊजी तुये कवाच घेऊन गेले असते." मग शालीची घडी मांडीवर ठेवून, "कडा तर दिसून राहिली ना. त्याच्या वर काय, अशीच झाडं असतीन."

त्या कडेकडे पाहत होत्या, मी त्यांच्याकडे. शाल त्यांनी डोक्यावर घेतली, उन्हासाठी.

इंजिन गार झालं तेव्हा पटकन सुरू झालं. काही पकडलं नव्हतं, नशीब. पण दोघींना घेऊन चढायची माझी हिंमत झाली नाही. पाचच मिनिटांचा प्रश्न असता तर चढवलीही असती. पण अजून वरचा सगळा घाट बाकी होता, आणि बाईंचं तिकीट काढलेलं होतं. बारदान बाजूच्या डिक्कीत कोंबलं, गाडी वळवली, गियरमध्ये ठेवून हळूहळू खाली आलो. उतारावर वारा लागला तशी गाडी हलकी झाली. बाई खाली येईपर्यंत मान मागे वळवून बसल्या होत्या, मला आरशात दिसत होतं.

त्याच आठवड्यात सुरतेची गाडी. मी पोचवायला गेली होती. त्याबद्दल लिहीत नाही.

आता कामाचं. नवी गाडी घेऊन जाणार असाल तर पहिली सर्विसिंग, ऑइल बदलणं, हे आधी उरका. रफीकभाईंनी माझं जुनं ऑइल काढून दाखवलं, उन्हात धरलं तर त्यात चांदीसारखी बारीक चमक. घासून निघालेलं लोखंड. उन्हाळ्यात जायचंच तर पहाटे निघा आणि शेजारपाजार उठायच्या आत निघा. घाटात मागे माणूस असेल तर मध्ये मध्ये थांबा. आणि इंजिनापुढे काहीही बांधू नका, हार नाही, बॅनर नाही, बारदान तर नाहीच. रफीकभाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढे हसले की पाना पायावर पडला.

मग पावसाळा आला, धंदा आला. दिवाळी झाली. थंडी पडली. आणि काय सांगू, गाडी मोकळी झाली. पहाटे वावरातून फुलं घेऊन निघते तेव्हा थंड हवेत अशी चालते जसं गरम भाकरीवर लोणी. मूठ नुसती हलवली की पुढे. तिचा आवाजही बदलला, खरखर गेली, एका सुरात गुणगुणते. मागच्या सीटवर फुलांचा कट्टा असतो, गच्च भरलेलं पोतं. कट्टा बोलत नाही, पाट्या वाचत नाही.

परवा परतवाड्याला लग्नाचे हार द्यायला गेली होती. सकाळी लवकर मोकळी झाली. पुढे घाट, हवेत गारवा, टाकीत पेट्रोल. गेली. सागाला पानं होती, मोठी मोठी, ओली. गाडी तिसऱ्या गियरला चढत होती, खाली टाकायची गरजच पडेना. ते लांब वळण आलं आणि मला कळायच्या आत मागे पडलं, इतकं सहज. मी पुढे जाऊन थांबली. वळून परत त्या मोहापाशी आली. गाडी स्टँडवर लावली, थोडी बसली. कडा तीच, आता हिरवी. मग गाडी खाली वळवली. मोथ्याचा खवा अजून खाल्ला नाही.

घरी येऊन फोन लावला. तिकडे नातू रडत होता, टीव्ही सुरू होता.

"बाई, आज घाटात जाऊन आली."

"वरपर्यंत?"

"नाही. आपल्या वळणापर्यंत."

"काहून वं? गाडी मोकळी झाली म्हणत होती ना?"

"गरम झाली," मी म्हटलं.

नातू रडायचा थांबला. टीव्हीवाली बाई काहीतरी विकत होती.

"या थंडीत?"

"हाव."

"बारदान काढून टाक मंग, येडे," बाई म्हणाल्या. "अन् मांगची सीट पुसून ठेवजो."

फोन ठेवून मी अंगणात गेली. सकाळी हार उतरवल्यावरच सीट पुसली होती. फडकं घेतलं आणि परत पुसली.